मसुद्याची मुदत आणि आपली काळी माती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नव्या वसाहतींतल्या घरांना पडणाऱ्या तड्यांची बातमी आपल्या अंकात आली होती. तिच्यावर एका बांधकाम ठेकेदारांचं पत्र दोन आठवड्यांपूर्वी आपण छापलंत. त्यांचं म्हणणं असं की, पायाचे आणि माती तपासणीचे नियम दिल्लीत एसीत बसलेले लोक बदलतात, त्यांनी काळी माती कधी हातात घेतलेली नसते आणि प्रत्येक बदलासरशी गरिबाच्या घराचा खर्च तेवढा वाढतो. पत्र वाचून राग आला आणि हसूही आलं. हसू यासाठी, की यातलं निम्मं मी स्वतः तीस वर्षं चहाच्या टपरीवर बोलत आले आहे. पण या नियमांचे मसुदे सूचनांसाठी सगळ्यांना खुले असतात आणि तिकडे आपणच पाहत नाही, म्हणून हे पत्र.

मी इंजिनिअर नाही. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि १९९२ ते २०२१ खान्देशातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मृदा प्रयोगशाळेत सहायक होते. आता अमळनेरला असते. नमुने चाळणं, भट्टीत वाळवणं, वजनं घेणं, वहीत आकडे लिहिणं आणि मुलांनी फोडलेल्या काचेच्या नळ्यांचा हिशोब ठेवणं हे माझं काम. सही साहेबांची, आकडे माझे. सुरवातीला साइटवर गेले की मजूर थबकायचे, मग त्यांना सवय झाली. कापडणे गावच्या बाजूला खड्डा खणताना एक म्हातारे बाबा म्हणाले होते, "ताई, हाई माटी रागीट शे. उन्हायामा फाटस, पावसायामा फुगस." पुढे प्रयोगशाळेत जे काही मोजलं ते सगळं या वाक्याचे आकडे होते, असं मला अजून वाटतं.

तो राग मोजायची पद्धत अगदी साधी आहे. माती भट्टीत वाळवायची, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची, दहा-दहा ग्रॅम मोजून शंभर मिलिलिटरच्या दोन नळ्यांत टाकायची. एका नळीत डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत केरोसीन. काचेच्या काडीने ढवळून अडकलेली हवा काढायची आणि चोवीस तास हात लावायचा नाही. केरोसीनमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतला फरक काढून केरोसीनच्या आकड्याने भागायचं आणि शंभराने गुणायचं. पन्नास टक्क्यांच्या आत आलं तर फुगवटा कमी, पन्नास ते शंभर मध्यम, शंभर ते दोनशे जास्त, दोनशेच्या वर फारच जास्त. मी ज्या पानावरून ही चाचणी शिकले ते आयएस २७२० या भारतीय मानकाच्या चाळिसाव्या भागाचं, १९७७ सालचं. वर्गवारीचा तक्ता आयएस १४९८ मधला, १९७० चा.

आता ठेकेदार बंधूंना एक गंमत सांगते. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन संपला की कितीतरी ठिकाणी नळाचं किंवा बोअरचं पाणी घेतात. पाणी ते पाणी! आमच्याकडेही एकदा तसं झालं आणि माझ्यातली केमिस्ट्री जागी झाली. एकाच पोत्यातली माती घेऊन मी तीन नळ्या लावल्या. केरोसीनमध्ये ती अकरापर्यंत बसली होती. डिस्टिल्ड वॉटरमध्ये तेवीस, आणि बोअरच्या पाण्यात वीस. गणित केलं तर एकीकडे एकशे नऊ टक्के, दुसरीकडे ब्याऐंशी. म्हणजे ‘जास्त’ फुगणारी माती नुसत्या पाण्याच्या बदलाने ‘मध्यम’ झाली. कारण उघड आहे. मातीच्या बारीक पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं म्हणून ती फुगते आणि पाण्यात क्षार असले की ते शिरणं आवरतं. आपल्या बोअरच्या पाण्याला किती क्षार असतात हे घरातल्या गिझरला विचारा. रिपोर्टात मात्र पाणी कुठलं वापरलं त्याचा रकानाच नसतो.

दुसरी अडचण केरोसीनची. मी नोकरीला लागले तेव्हा रेशनवर निळं घासलेट मिळायचं, शिपायाला पाठवलं की पाच मिनिटांत बाटली भरून हजर. नोकरीच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत मी केरोसीनसाठी ओळखीपाळखी काढत फिरले. मग कोणी डिझेल घालतं, कोणी पेट्रोल, तर कोणी केरोसीनचा आकडा मागच्या रिपोर्टातून उचलतं. हे मी ऐकीव सांगत नाही. हे ज्याने पाहिलं त्याने वर कळवायला नको का? दिल्लीतल्या प्राध्यापकाला अमळनेरच्या बाजारात घासलेट मिळत नाही हे स्वप्नात दिसणार आहे थोडंच!

आता ज्या बदलांवर ठेकेदार बंधू चिडले आहेत त्यांकडे येते. भारतीय मानक ब्यूरोत माती आणि पाया या विषयाची एक समिती आहे. सीईडी ४३ असं तिचं नाव. अलीकडे तिने जुनी पुस्तकं, म्हणजे मानकं, काढून नवी आणली. जमिनीखालच्या तपासणीचं आयएस १८९२ हे १९७९ चं होतं, नवं २०२१ मध्ये आलं. पायाच्या सर्वसाधारण नियमांचं आयएस १९०४ हे १९८६ चं, तेही २०२१ मध्ये नवं झालं. बल्बवाल्या पाइलचं (जमिनीत खोल रोवलेल्या, खाली फुगीर केलेल्या खांबांचं), म्हणजे आयएस २९११ चा तिसरा भाग, १९८० चं, त्याचीही नवी आवृत्ती २०२१ चीच. पस्तीस वर्षं, एकेचाळीस वर्षं, बेचाळीस वर्षं. "सारखे सारखे बदलतात" म्हणणाऱ्यांनी जरा हे आकडे पाहावेत. माझी तक्रार उलटी आहे.

१९७९ च्या त्या पुस्तकातलं एक वाक्य आपल्या भागात ज्ञानेश्वरीतल्या ओवीसारखं पाठ होतं. अर्थ असा, की साधारण ०.४ हेक्टर, म्हणजे एकरभर जागेवरच्या इमारतीसाठी चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक असे बोअर किंवा खड्डे पुरेत; लहान, कमी महत्त्वाच्या इमारतीसाठी मधोमध एक असला तरी चालेल. पहिला अर्धा भाग कोणाला आठवत नसे. ‘एक असला तरी चालेल’ एवढ्यावर आख्ख्या जिल्ह्याने चाळीस वर्षं काढली. पुढेपुढे तर तो एकही शेजारच्या प्लॉटवरचा असायचा. "ताई, लाइन तीच आहे, जमीन तीच आहे, एसबीसी वीस टन लिहून द्या ना." एसबीसी म्हणजे जमीन किती भार पेलेल तो आकडा. किती वेळा ऐकलं असेल, मोजलं नाही.

जमीन तीच आहे म्हणे! धुळ्याच्या पश्चिमेला साक्री-नंदुरबारकडे जाताना काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंतींसारखे डोंगर दिसतात, ते सगळ्यांनी पाहिलेत. भूशास्त्रवाले त्यांना डाइक म्हणतात. बेसाल्टच्या जुन्या थरांना चिरून खालून लाव्हा वर आला आणि भेगांतच थिजला. धुळे-नंदुरबार पट्ट्यात या डाइकांची दाटी आहे, साधारण पूर्व-पश्चिम पसरलेली. ज्या डोंगर होऊन वर आल्या त्या दिसतात. ज्या जमिनीखाली राहिल्या त्या बोअर मारल्यावरच कळतात. एका शाळेच्या इमारतीसाठी आम्ही दोन बोअर घेतले, अंतर वीस-बावीस फूट. पहिल्यात चार फुटांवर असा खडक लागला की बिट तापलं. दुसऱ्यात पंचवीस फूट गेलो तरी पिवळा मुरूम आणि मधे लाल गेरूसारखा थर. मधोमध एकच बोअर घेतला असता आणि तो त्या खडकावर पडला असता, तर इमारतीचा एक पाय दगडावर आणि दुसरा गोधडीवर राहिला असता.

आणि तापीकाठची गोष्ट तर याच्या अगदी उलट. रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात नदीने आणलेला गाळ इतका खोल आहे की विहिरीवाले शंभर-दीडशे फूट जाऊनही दगड पाहत नाहीत. एकाच खान्देशात दोन टोकांना दोन वेगळे देश आहेत. जे पुस्तक साऱ्या भारतासाठी लिहिलं जातं त्यात याचा उल्लेख कसा येणार? आपण सांगितलं तरच.

आता मुरमाबद्दल थोडं लिहिते, कारण तिथे माझं स्वतःचं पोळलेलं बोट आहे. १९९८ साली माझ्या थोरल्या भावाने कपाशीचं रान एनए झालेल्या एका लेआउटमध्ये घर बांधलं. पाच फूट काळी काढली, खाली मुरूम टाकून दाबला, त्यावर फुटिंग. सगळे हेच करतात, आम्हीही केलं. तिसऱ्या पावसाळ्यात खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपे तडे निघाले. हिवाळ्यात ते थोडे मिटले, पुढच्या पावसात पुन्हा उघडले, जसं घर श्वास घेतंय. मागची मोरी वर उचलली गेली, दार घासायला लागलं. गवंड्याने दार रंधून दिलं. दोन वर्षांनी परत रंधलं.

झालं काय होतं? काळ्या मातीत खड्डा खणला म्हणजे चारी बाजूंनी पाणी पटकन न जिरणारं भांडं तयार झालं. त्यात टाकला खडीसारखा भरभरीत मुरूम, ज्यातून पाणी सरसर खाली जातं. वर छताचा पाइप पायापाशीच सोडलेला आणि आठ फुटांवर शोषखड्डा. म्हणजे घराच्या पायाखाली आम्ही हौसेने हौद बांधला आणि त्यात वर्षभर पाणी भरलं. तळातली आणि बाजूची काळी ते पीत बसली. ज्या बहिणीने प्रयोगशाळेत शेकडो नळ्या लावल्या, तिने सख्ख्या भावाच्या खड्ड्यात कोणता मुरूम पडतोय ते पाहिलं नाही. वहिनी अजून ऐकवतात, आणि बरोबर ऐकवतात.

मुरूम म्हणजे कोणता मुरूम, हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारत नाही. आयआयटी मुंबईच्या डॉ. आर. के. कट्टी यांनी यावर आयुष्य घातलं. त्यांचं म्हणणं असं होतं की, काळीवर असा थर द्या ज्याला चिकटपणा आहे पण फुगवटा नाही. तो खालच्या मातीला दाबून नव्हे, तर तिच्याशी जमवून शांत ठेवतो. कर्नाटकात मलप्रभेच्या कालव्यांवर हे वापरलं गेलं आणि काळ्या मातीतल्या कालव्यांच्या अस्तरासाठीच्या आयएस ९४५१ मध्येही आलं. कालव्याच्या पुस्तकात आहे म्हणून घरवाल्यांनी ते वाचलं नाही. आमच्या गवंड्यांच्या भाषेत ‘मुरूम टाकला’ म्हणजे काम झालं, मग तो चिकट असो की भरभरीत. ट्रॅक्टर जवळच्या खदाणीतून येतो, बस्स.

बल्बच्या पाइलचंही तेच. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच ती पद्धत बसवली. जिथे ओल-कोरड पोचत नाही अशा खोलीवर पाइलला फुगीर बल्ब करायचा, म्हणजे वरची माती कितीही हलली तरी पाय खाली रोवलेला राहतो. १९८० च्या पुस्तकात अशा खोल काळ्या मातीत पाइल किमान साडेतीन मीटर हवी असं होतं, आणि वरची बीम जमिनीपासून ८० मिलिमीटर सुटी ठेवायची, म्हणजे माती फुगली तरी बीमला धक्का लागणार नाही. आमच्याकडे पाइल नीट होते, बीमही नीट होते आणि मग गवंडी ती फट मुरमाने ठासून भरतो, का तर उंदीर शिरतील! हे नियम बदलून सुटणारं नाही, मान्य. पण पुस्तकात त्या फटीला बाजूने काय लावायचं याचं एक चित्र असतं, तर गवंड्याला दाखवता आलं असतं.

साइटवरचा अजून एक प्रकार सांगते, तो कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. बोअरमध्ये दर काही फुटांवर एसपीटी घेतात, म्हणजे जमीन किती घट्ट आहे त्याची ठोक्यांची चाचणी. साडेत्रेसष्ट किलोचा घण ७५ सेंटिमीटरवरून सोडायचा, खाली पोकळ नळी मातीत शिरते. पंधरा-पंधरा सेंटिमीटरचे तीन टप्पे, पहिला सोडून द्यायचा, पुढच्या दोन टप्प्यांना किती ठोके लागले ते लिहायचं. ठोके जास्त, तर जमीन घट्ट. आमच्याकडे तिकाटणं उभं करून दोन माणसं दोरी ओढतात. दांड्यावर खडूने ७५ ची खूण केलेली असते. सकाळी घण खुणेपर्यंत जातो. दुपारी, भाकरी खाल्ल्यावर, एप्रिलच्या चव्वेचाळीस डिग्रीत, तोच घण साठापर्यंतही जात नाही. कमी उंचीवरून पडला की नळी कमी शिरते, ठोके वाढतात. म्हणून आमच्यात एक विनोद होता, की जेवणानंतर जमीन कडक होते. हसायचो आणि वहीत लिहायचो.

हा नुसता विनोद नाही. १९८१ च्या एसपीटीच्या पुस्तकात, आयएस २१३१ मध्ये, वरच्या मातीच्या दाबाची दुरुस्ती आहे, पाण्याखालच्या बारीक वाळूचीही आहे; पण घणाचा जोर खरोखर किती खाली पोचला याचा हिशोब त्यात नाही. आणि भूकंपाच्या पुस्तकाने, आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीने, भूकंपात ओली वाळू पातळ होईल का हे तपासायला ठोक्यांचा जो आकडा मागितला, तो साठ टक्के जोराला धरून दुरुस्त केलेला! तापीच्या पात्रात लहानपणी आपण ओल्या वाळूवर उभं राहून पाय थरथरवायचो आणि घोट्यापर्यंत आत जायचो, तीच ही गोष्ट. तापीचा पट्टा त्या पुस्तकातल्या नकाशात झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्यात आहे, आणि १९३८ साली सातपुड्यात मोठा भूकंप झालेला आहे. म्हणजे एका समितीने असा आकडा मागितला जो काढायची रीत दुसऱ्या समितीच्या जुन्या पुस्तकात नव्हती. भूकंपाची समिती सीईडी ३९, मातीची सीईडी ४३. सासूने पुरणपोळी मागायची आणि सुनेला पुरणयंत्र द्यायचं नाही, असला हा मामला. मधल्या फटीत आमच्यासारखे, दोरी ओढणाऱ्यांचे आकडे वहीत लिहिणारे.

ठेकेदार बंधूंचं निम्मं बरोबर आहे ते हे. समितीत प्राध्यापक असतात, सरकारी संस्था असतात, मोठे सल्लागार, कंपन्या असतात. तालुक्याच्या गावची प्रयोगशाळा, दोन-चार मजली घरं बांधणारा ठेकेदार, दोरी ओढणारा माणूस तिथे नसतो. पण दार बंद आहे हे खोटं. नवं पुस्तक लिहायचं ठरलं की आधी कच्चा मसुदा समितीत फिरतो, मग तो सगळ्यांसाठी खुला करतात, साधारण साठ दिवस. ब्यूरोच्या संकेतस्थळावर कोणीही वाचू शकतो, कोणीही सूचना पाठवू शकतो. त्यासाठी एक तक्ता असतो: कोणतं कलम, काय चुकलं, त्याऐवजी काय लिहावं, कारण काय. चौथा रकाना महत्त्वाचा. ‘खर्च वाढतो’ एवढं लिहून भागत नाही, कुठे, किती आणि का ते लिहावं लागतं. आणि इंग्रजीतल्या ‘शॅल’ आणि ‘शुड’ या दोन शब्दांवर तिथे खूप काही ठरतं. ‘शॅल’ म्हणजे केलंच पाहिजे, ‘शुड’ म्हणजे केलेलं बरं. त्या एका शब्दावर आपला एक बोअर ठरतो.

मानकं दर पाच वर्षांनी पुन्हा तपासायची असतात. कोणी काही बोललं नाही तर पुस्तकावर ‘पुनःपुष्टी’ असं वर्ष पडतं आणि जुनंच पुढे चालतं. आमच्या कपाटातल्या प्रतीवर अशी वर्षं एकाखाली एक होती. आणि प्रत तरी कसली, झेरॉक्सची झेरॉक्स. तक्त्यातला तीन आणि आठ ओळखू यायचा नाही, मूळ पुस्तक ग्रंथपालांच्या कुलपात. आता तसंही नाही, गेली काही वर्षं भारतीय मानकं नोंदणी करून फुकट उतरवून घेता येतात. फोनवर रील पाहणाऱ्या पोराला अर्ध्या तासात आयएस १८९२ वाचता येईल. वाचतो का, ते वेगळं.

दुसऱ्यांना सांगते आहे तर स्वतःचंही सांगायला हवं. निवृत्तीनंतर माती तपासणीचा एक मसुदा माझ्या भाच्याने फोनवर पाठवला. मी रात्री जागून वाचला. पाण्याचा रकाना, केरोसीनला पर्याय आणि दमलेल्या माणसांचा घण, अशा तीन सूचना पानभर लिहिल्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे प्रा. श्रीधरन यांनी पाणी आणि केरोसीन यांतल्या मातीच्या आकारमानाचं सरळ गुणोत्तर घ्यायची जी पद्धत सुचवली होती, तिचाही उल्लेख केला. कारण काही माती केरोसीनमध्येच जास्त जागा घेतात आणि मग जुन्या सूत्राने उत्तर उणे येतं. मुलं विचारायची, "मॅडम, माती उणे फुगते म्हणजे काय?" मी गप्प बसायचे. सगळं लिहून झाल्यावर मसुद्याच्या पहिल्या पानावरची तारीख पाहिली. मुदत संपून नऊ दिवस झाले होते.

भाच्याला रागावून काय उपयोग? त्याला ते कुणीतरी पुढे ढकललेलं आलं होतं. आपल्या तीन जिल्ह्यांत इतकी अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, तंत्रनिकेतनं आहेत, इंजिनिअरांच्या संघटना आहेत. दर वर्षी अभियंता दिनाला विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालून भाषणं होतात. ते तरुणपणी याच आपल्या धुळे भागात कामाला होते, पांझरेच्या खोऱ्यात त्यांनी सायफन बांधला, हेही प्रत्येक भाषणात येतं. त्याच कार्यक्रमात पंधरा मिनिटं कोणी उभं राहून "या तारखेपर्यंत हा मसुदा खुला आहे, कोण कोणतं कलम वाचणार?" असं विचारलं, तर हाराचा खर्च वसूल होईल. माझ्या माहितीत तरी असं कोणी विचारलेलं नाही.

म्हणून आपल्याकडे एक विनंती आहे. जाहीर नोटिशींच्या पानावर आपण गाळ्यांचे लिलाव, हरवलेले दाखले, निविदा छापता. तिथेच महिन्यातून एकदा चार ओळींची चौकट द्यावी: माती, पाया, सिमेंट, भूकंप यांतला कोणता मसुदा खुला आहे आणि मुदत कधी संपते. यादी काढायचं काम मी फुकट करीन, मला आता वेळ आहे. आणि ठेकेदार बंधूंना सांगणं आहे की, तुमच्या पत्रात एसीचा उल्लेख दोनदा आहे पण एकाही कलमाचा नाही. कोणत्या कलमाने कोणत्या घराला किती खर्च वाढला ते मला लिहून द्या. खर्चाचं तुमचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. तीस लाखांच्या घराला दुसरा बोअर घ्या म्हटलं की मालक गप्प होतो आणि त्याच मालकाच्या स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांचा हिशोब मी ऐकलेला आहे, ही गोष्ट वेगळी. पण घरकुलाच्या अनुदानात दोन खोल्या उभ्या करणाऱ्याचं काय, हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर मला येत नाही. तो प्रश्नही तक्त्याच्या चौथ्या रकान्यात बसतो.

आणखी एक. कॉलेजातून निघताना मी माझ्या स्वतःच्या कच्च्या वह्या घरी आणल्या, नाहीतर त्या रद्दीत जाणार होत्या. १९९४ पासूनच्या तेरा वह्या आहेत. गाव, गटाचा अंदाज, खोली, मातीचा रंग, पाण्याचा आणि केरोसीनचा आकडा. जिथे बोअरचं पाणी वापरलं गेलं तिथे मी लाल पेनने ‘बो’ लिहिलेलं आहे, आणि दुपारच्या एसपीटीपुढे फुली. भुसावळ ते शहादा, बऱ्याच गावांची माती त्यात आहे. सूचना लिहिताना कोणाला पुरावा हवा असेल तर घरी यावं, बसून उतरवून घ्यावं. चहा मिळेल. वही मात्र घरी न्यायला मिळणार नाही, कारण सातव्या क्रमांकाची एकाने २०२२ मध्ये नेली ती अजून परत आलेली नाही. त्याने हे पत्र वाचलं असेल, तर त्याला कळेलच.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
अमळनेर, जि. जळगाव